केंटकीची ड्राफ्टची यादी: कॉलेजचं यश म्हणायचं की नाही?

मध्यरेषा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ रूढ झालंय: जॉन कॅलिपारी २००९ ते २०२४ केंटकी विद्यापीठाचे प्रशिक्षक होते, त्या काळात एनबीएला (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगला) ढीगभर खेळाडू मिळाले, पण राष्ट्रीय विजेतेपद एकच (२०१२), म्हणजे तो काळ वाया गेला. मला हे अजिबात मान्य नाही.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: एनबीए दरवर्षी जूनमध्ये नवे खेळाडू निवडते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या, साधारण साठ नावं. पहिल्या फेरीत नाव आलं की करारातल्या पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. २००६च्या ड्राफ्टपासून नियम असा की खेळाडू १९ वर्षांचा हवा आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) शाळेतून थेट आले होते, तो रस्ता बंद झाला. मग एक वर्ष कॉलेजात खेळायचं आणि निघायचं, ही ‘वन अँड डन’ची पद्धत पडली. कॅलिपारींनी ती लपवली नाही, उघडपणे तिच्यावरच संघ उभे केले.

२०१०मध्ये केंटकीचे पाच जण एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. एका कॉलेजच्या बाबतीत असं आधी कधीच झालं नव्हतं. जॉन वॉल तर सगळ्यांत पहिला. त्या रात्री कॅलिपारी म्हणाले की केंटकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस असावा. तोवर सात विजेतेपदं मिळवलेल्या संघाचे चाहते खवळले. २०१२मध्ये अँथनी डेव्हिस पहिला आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट दुसरा. पहिले दोन क्रमांक एकाच कॉलेजचे, हेही प्रथमच. २०१५मध्ये कार्ल-अँथनी टाउन्स पहिला, आणि एकूण सहा निवडी. २०१० ते २०२४ या काळात एकही वर्ष असं नाही की पहिल्या फेरीत केंटकीचं नाव नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. कॉलेजने अठरा वर्षांच्या मुलाला घेतलं तर त्या मुलाचं पुढे काय झालं, हाच पहिला हिशेब. २०२१पर्यंत या मुलांना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायलाही बंदी होती. प्रशिक्षकाला लाखो डॉलर, टीव्हीला कोट्यवधी, आणि खेळणाऱ्याला शिष्यवृत्ती. नर्लेन्स नोएल पहिल्या क्रमांकाचा दावेदार होता, फेब्रुवारी २०१३मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो सहाव्या क्रमांकावर घसरला. तरी तो सावरला म्हणायचा. सगळेच सावरत नाहीत. अशा मुलाला ‘अजून एक वर्ष थांब, आम्हाला कप हवाय’ असं सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

ओहायोकाठ

असहमत, आणि जोरात असहमत.

केंटकी राज्यात एनबीएचा संघ नाही. अमेरिकन फुटबॉलचा नाही, बेसबॉलच्या मोठ्या लीगचाही नाही. लुइव्हिलचा कर्नल्स संघ एबीए या एनबीएच्या प्रतिस्पर्धी लीगबरोबर १९७६ला संपला. त्यामुळे पूर्वेकडच्या कोळसाखाणींच्या डोंगरांपासून मिसिसिपीच्या काठापर्यंत लोकांचा म्हणता येईल असा संघ हा एकच. मी या भागात राहते, इथे केंटकीचा निळा रंग म्हणजे काय ते रोज बघते. या लोकांना ‘तुमचा मुलगा आता फिनिक्सला खेळतो’ याचा आनंद होतो, नक्की होतो. पण तो आनंद फिनिक्सवाल्यांच्या वाट्याचा आहे.

कॅलिपारींनी २०११, २०१२, २०१४, २०१५ अशा चार वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत धडक मारली, हे मान्य. पण त्यानंतर नऊ वर्षं एकदाही नाही. २०१५च्या संघाने ३८ सामने सलग जिंकले आणि ३९वा विस्कॉन्सिनविरुद्ध घालवला. २०२२मध्ये पहिल्याच फेरीत सेंट पीटर्स या न्यू जर्सीच्या छोट्याशा कॉलेजकडून हरले, २०२४मध्ये मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाकडून. ओकलंडच्या जॅक गोल्कीने एकट्याने दहा त्रिगुणी (तीन गुणांच्या फेकी) मारल्या. तो मुरलेला, वयाने मोठा खेळाडू होता, आणि समोर पुढच्या काही महिन्यांत एनबीएत जाणारी पोरं होती.

आणि दोन्ही साधता येत नाही असं कोण म्हणतं? व्हिलानोव्हाने २०१८ला विजेतेपद मिळवलं, त्याच वर्षी त्यांचे चौघे ड्राफ्टमध्ये गेले. त्यातला जेलन ब्रन्सन तीन वर्षं कॉलेजात खेळला, दोन विजेतेपदं घेतली, ३३वा निवडला गेला आणि आज न्यूयॉर्क निक्सचा आधारस्तंभ आहे. तीन वर्षं थांबून त्याचं काय नुकसान झालं?

रीड शेपर्डचं घराणं बघा. वडील जेफ शेपर्ड १९९६ आणि १९९८ अशा दोन विजेत्या संघांत होते. १९९८च्या अंतिम चारांत सर्वोत्कृष्ट खेळाडू तेच. ड्राफ्टमध्ये त्यांना कोणी निवडलं नाही, अटलांटाकडून थोडा काळ खेळले, संपलं. आईही केंटकीचीच खेळाडू. मुलगा एक वर्ष खेळला, राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकला नाही, आणि २०२४च्या ड्राफ्टमध्ये तिसरा. इथल्या कुठल्याही गावात विचारा, केंटकीला जास्त कोणी दिलं.

सहा_फूट_तीन

दोघीही एक गोष्ट गृहीत धरताय की ही यादी केंटकीने घडवली. मला तेच मान्य नाही.

शेडन शार्प जानेवारी २०२२मध्ये केंटकीत आला, सराव केला, एकही सामना खेळला नाही, आणि जूनमध्ये सातवा निवडला गेला. एनेस कँटर तुर्कस्तानच्या क्लबकडून पैसे घेतल्यामुळे अपात्र ठरला. त्यानेही केंटकीसाठी एक मिनिट कोर्टवर घालवलं नाही, आणि २०११मध्ये तिसरा. हे दोघेही केंटकीच्या फुशारकीत मोजले जातात. देशातली सगळ्यांत गाजलेली पंधरा-वीस शाळकरी मुलं दरवर्षी ठरलेली असतात. त्यातली चार-पाच तुम्ही गोळा केलीत, तर ती ड्राफ्टमध्ये जाणारच. एनबीएच्या स्वतःच्या इग्नाइट संघातून जेलन ग्रीन २०२१ला दुसरा आणि स्कूट हेंडरसन २०२३ला तिसरा गेला, कॉलेजचं तोंडही न बघता.

डेविन बुकर तर पूर्ण हंगामात एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता. तेरावा गेला. पुढे बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण. त्याच्यातलं जे दिसायला हवं होतं ते कॉलेजात झाकलंच गेलं.

मध्यरेषा

@सहा_फूट_तीन, शार्प आणि कँटरचा मुद्दा बिनतोड आहे. ती दोन नावं मीही केंटकीच्या खात्यात धरणार नाही.

पण बुकरचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं वाटतं मला. त्या संघात दहा जण सुरुवात करण्याच्या लायकीचे होते. अशा ठिकाणी रोजचा सराव हाच मुलांना सामन्यापेक्षा अवघड जातो. शे गिल्जस-अलेक्झांडर बघा. २०१७ला आला तेव्हा त्याच्याबद्दल गाजावाजा नव्हता, सुरुवातीला राखीव होता. वर्षअखेर संघाची सूत्रं त्याच्या हातात. त्याच संघातला केव्हिन नॉक्स त्याच्याआधी, नववा गेला, हा अकरावा. २०२५मध्ये हाच अकरावा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, अंतिम मालिकेचाही सर्वोत्कृष्ट, आणि ओक्लाहोमा सिटी विजेती. टायरीज मॅक्सी २१वा, बॅम अडेबायो १४वा. निवड ज्या क्रमांकाला झाली त्याच्यापेक्षा हे सगळे कितीतरी वर गेले. नुसती गाजलेली नावं गोळा केली असती तर उलट दिसलं असतं: वर निवडले जाऊन खाली घसरलेले.

@ओहायोकाठ, थांबून विजेतेपद मिळवता येतं, बरोबर. पण ब्रन्सन थांबला कारण त्याला थांबायचं होतं. मी निर्णय कोणाचा, याबद्दल बोलतेय. आणि डेव्हिसला विसरू नका. २०१२चा अंतिम सामना न्यू ऑर्लीन्सला झाला, त्यात त्याने दहा फेकींपैकी एकच बास्केट केली, पण १६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ६ ब्लॉक (अडवलेल्या फेकी) घेऊन केंटकीला आठवं विजेतेपद दिलं. तोही एकाच वर्षाचा होता. त्याने त्या निळ्या शर्टासाठी कमी केलं असं कोण म्हणेल?

खडूफळा

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवतो (केंटकीत नाही). खेळाडू माझ्या वर्गात असतात. त्यामुळे यादीत आहेत त्यांच्यापेक्षा नसलेल्यांबद्दल बोलतो.

ऑस्कर शिब्वे. २०२२चा देशातला सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडू, सामन्याला सरासरी पंधरा रिबाउंड. अजून एक वर्ष केंटकीतच राहिला. २०२३च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. आरन हॅरिसन: २०१४च्या स्पर्धेत लुइव्हिल, मिशिगन आणि विस्कॉन्सिन, सलग तीन सामने शेवटच्या क्षणी त्याच्या त्रिगुणींनी फिरले. पुढच्या वर्षी जुळा भाऊ अँड्र्यू ४४वा गेला, आरन राहून गेला. अलेक्स पॉइथ्रेस: पहिल्या वर्षी ड्राफ्टच्या चर्चेत, मग गुडघा, चार वर्षं राहिला, २०१६ला नाव नाही.

‘मुलाचं पुढे काय झालं हाच हिशेब’ असं धागाकर्तीने लिहिलंय. मग हा हिशेब संघातल्या सगळ्यांचा मांडा. तेरा शिष्यवृत्त्या असत, त्यातल्या चौघांची नावं टीव्हीवर आली म्हणून बाकी नऊ जणांचं भलं झालं असं होत नाही. वर्गात मला दिसतं ते असं की ज्याला एकोणिसाव्या वर्षी जाता येणार नाही, तोही जाणार असल्यासारखाच जगतो. त्याचा अभ्यास, मैत्री, झोप सगळं त्या एका रात्रीभोवती फिरतं. ती रात्र रिकामी गेली की त्याच्याशी काय बोलायचं, याची तयारी कोणत्याही कॉलेजात मला दिसलेली नाही.

मध्यरेषा

@खडूफळा, नऊ जणांचा मुद्दा लागला. माझ्या हिशेबात तो यायलाच हवा. पण त्यावरचा उपाय म्हणून चौघांना अडवून ठेवणं मला पटणार नाही. नऊ जणांना पदवी पूर्ण करायला कधीही परत येता यावं, दुखापतीचा खर्च कॉलेजने उचलावा, ही मागणी करू या.

जुनी_पाटी

इतिहास २०१०पासूनच सुरू झाला असं वाटावं इतकी चर्चा अलीकडची चालली आहे. जरा मागे जातो.

प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांच्या काळात केंटकीने चार विजेतेपदं मिळवली, पण १९६०चं दशक सरत आलं तरी संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९६६च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीला ७२-६५ हरवलं. हरलेल्या त्या संघातला पॅट रायली पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये सातवा. आणि त्याच काळात लुइव्हिल शहरातलाच, म्हणजे केंटकी राज्याचाच मुलगा वेस अन्सेल्ड लुइव्हिल विद्यापीठाकडून खेळत होता. १९६८ला तो दुसरा निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू, दोन्ही ठरला. टॉम पेन हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू केंटकीकडून मैदानात उतरला तो १९७०-७१मध्ये.

हे सांगतोय कारण ओहायोकाठ यांनी ‘लोकांचा संघ’ म्हटलं. विजेतेपदांच्या त्या बॅनरांपैकी पहिली चार मिळाली तेव्हा ‘लोक’ यात कोण धरले जात होते? २०१०च्या त्या रात्री पाच कृष्णवर्णीय मुलं केंटकीचं नाव घेऊन एनबीएत गेली. मला तो दिवस खरोखर मोठा वाटतो, कॅलिपारींच्या मनात कारण काहीही असो.

ओहायोकाठ

@जुनी_पाटी, हे लिहिलंत ते बरं केलंत. यावर माझ्याकडे प्रत्युत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही. १९९६, १९९८ आणि २०१२चे बॅनर मात्र सगळ्यांचे आहेत, आणि माझं प्रेम त्यांच्यावर आहे.

गोदाकाठ

थोडं अवांतर. २०१५च्या ज्या ड्राफ्टमध्ये केंटकीचे सहा जण गेले, त्याच ड्राफ्टमध्ये पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा डॅलसने ५२वा निवडला. ड्राफ्टमधला पहिला भारतीय. तो कॉलेजात गेलाच नाही, फ्लोरिडातल्या अकादमीतून आला, आणि एनबीएच्या मुख्य हंगामात एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याला वर्ष-दोन वर्षं अशा कॉलेजात टाउन्ससारख्यांशी रोज भिडायला मिळालं असतं तर? मला वाटतं फरक पडला असता. आपल्याकडे कबड्डीतला, क्रिकेटमधला पोरगा मंडळातून नाहीतर मैदानावरच्या क्लबातून वर येतो, कॉलेज हे बहुतेकदा हजेरीपुरतं. म्हणून धागाकर्तीच्या बाजूने माझं मत.

सहा_फूट_तीन

आता प्रश्नच बदललाय, तेही बोलू. कॅलिपारी आर्कान्सोला गेले. १९९६च्या संघाचा कर्णधार मार्क पोप केंटकीत प्रशिक्षक म्हणून आला. २०२५च्या ड्राफ्टमध्ये केंटकीचे दोघे गेले, दोघेही दुसऱ्या फेरीत: कोबी ब्रिया ४१वा, अमारी विल्यम्स ४६वा. ब्रिया त्याआधी डेटनला खेळला होता, विल्यम्स ड्रेक्सेलला. केंटकीत दोघांचं एकेकच वर्ष. यांना केंटकीचे म्हणणार का?

मध्यरेषा

डेटनचा आणि ड्रेक्सेलचा हक्क मोठा, असं माझं मत. ज्यांनी त्यांना कोणी ओळखत नसताना घेतलं, त्यांच्या यादीत ती नावं आधी लिहावीत आणि केंटकीने आपल्या यादीत त्याच ओळीत डेटन, ड्रेक्सेल असं छापावं. ओहायोकाठ, यावर तरी आपलं जमेल असं वाटतंय.

ओहायोकाठ

जमलं. पण शेपर्डच्या बापलेकांवर अजून भांडायचंय.