उत्तर: रेटिंगच्या कारणात कॅपिटल कुठे?
चित्रपटाला अमुक रेटिंग का दिलं ते सांगणाऱ्या ओळीत, पोस्टरवर प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतो म्हणून आपल्या चित्रपटांच्या डेटाबेसातही तसंच हवं, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. पोस्टर म्हणजे जाहिरात, तिथे अक्षरं सजवणारच. अमेरिकेत चित्रपटांना रेटिंग देणाऱ्या मोशन पिक्चर असोसिएशनचं कारण साधं वाक्य असतं: ‘रेटेड आर फॉर स्ट्रॉंग व्हायोलन्स अँड लँग्वेज’. त्यात वाक्याचं पहिलं अक्षर आणि रेटिंगचं चिन्ह (इथे ‘आर’) कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल. तेच जसंच्या तसं उतरवावं.

आणि जुन्या नोंदी सरसकट स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, बदलायच्या असतील तर जरा जपून. ‘पीजी-१३’ या अमेरिकी रेटिंगमधला जी स्मॉल होऊन बसतो, आपल्या सेन्सॉरच्या ‘यूए’चीही तीच गत. त्यात २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ असे तीन प्रकार झालेत. आधी ही चिन्हं वगळा, मग स्क्रिप्ट चालवा.