मायक्रोस्कोप सुचवा, बजेट ५०००

गिरगावची_आई: लेक आठवीत. कांद्याचा पापुद्रा, तळ्याचं पाणी बघायचं वेड लागलंय. ऑनलाइन १६००एक्सवाला दोन हजारांत आहे, दुकानातला ४००एक्स साडेचार हजारांना. जास्त एक्स असून स्वस्त कसा?

सोल्डरसम्राट: यूएसबीवाला घ्या डोळे झाकून. लॅमिंग्टन रोडवरून आणलाय, मोबाइलचा बोर्ड लख्ख दिसतो.

निवृत्त_लॅबवाला: बोर्डाला ठीक, पेशींना नाही. एक्स, म्हणजे किती पट मोठं दिसतं तो आकडा, कुणीही छापतो. ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सवर, ४०/०.६५ असं काही लिहिलंय का बघा. पहिला आकडा त्या लेन्सच्या पटीचा, दुसरा न्यूमरिकल अपर्चरचा, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून उजेड गोळा करते त्याचा, खरी मेख तिथे. हिरव्या उजेडाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरा, त्या आकड्याच्या दुपटीने भागा. ४२० नॅनोमीटरच्या आसपास येतं. दोन ठिपके त्याहून जवळ असले तर एकच दिसणार. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अॅबेने १८७३ मध्येच हे सांगून ठेवलंय. अपर्चरच्या हजारपटीपुढे वाढवलेले एक्स फुकट, ०.६५ ला ६५०, बास. एकूण एक्स म्हणजे ऑब्जेक्टिव्ह गुणिले आयपीस (डोळ्याजवळची लेन्स), म्हणून २५ चा आयपीस 'फ्री' मिळाला तरी हुरळू नका.

ठाणेकरीण: +१. व्हॉट्सॅपवरचा फोटो चौकातल्या बॅनरवर छापला म्हणून भाऊंच्या मिशांचे केस मोजता येत नाहीत.

डॉ_दादर: आमच्याकडे जपानी ट्रायनॉक्युलर (डोळ्यांना दोन नळ्या, कॅमेऱ्याला तिसरी) आहे. लाखाच्या वर गेला, पण घ्यायचं तर असंच.

गिरगावची_आई: बजेट ५०००, डॉक्टर.

ओलावा: कुठलाही घ्या, आधी सिलिका जेल आणा. एका पावसाळ्यात माझ्या लेन्सला बुरशी लागली, विकणारा फोन उचलत नाही.

सोल्डरसम्राट: मग १०० चा ऑब्जेक्टिव्हच घ्या ना, काय ते ४००!

निवृत्त_लॅबवाला: त्याचं अपर्चर १.२५. हवेत १ च्या पुढे जाताच येत नाही, म्हणून लेन्स आणि स्लाइडच्या मध्ये तेल लागतं. आठवीतली पोर स्लाइड फोडेल. तळ्यातला एकपेशी पॅरामिशियम १००एक्सलाही मस्त पळताना दिसतो.

ठाणेकरीण: मीही तेच म्हटलं. तळं कुठलं पण? बाणगंगेचं पाणी नेऊ देतात?

गिरगावची_आई: झालं घेऊन! चोरबाजारातून जुना पितळी आणला, दीड हजारात. १०/०.२५ एवढा एकच ऑब्जेक्टिव्ह धड आहे. कांद्याच्या पेशी दिसल्या, लेक जेवायला उठत नाहीये.

निवृत्त_लॅबवाला: म्हणजे १.१ मायक्रॉनपर्यंतचे दोन ठिपके वेगळे दिसतील. कांद्याला भरपूर. कंडेन्सर, म्हणजे स्लाइडवर उजेड एकवटणारी लेन्स, आहे का?

गिरगावची_आई: आरसा आहे. तडा गेलेला.

ओलावा: बुरशी तपासलीत?