मदत हवी आहे: कण्याला इजा झालेल्या सशाला निरोप कधी द्यावा?

आमचा पाच वर्षांचा ससा बारा दिवसांपूर्वी हातातून निसटून पडला. एक्स-रेमध्ये कंबरेचा मणका मोडलेला दिसला असून, मागचे दोन्ही पाय लुळे आहेत आणि बोटांना चिमटा घेतला तरी तो पाय ओढत नाही. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असे दोन डॉक्टरांचे मत पडले. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक चालू आहे, मूत्राशय हाताने दाबून रिकामे करतो, तरीही लघवीने मांड्यांची कातडी सोलवटली आहे. कालपासून निम्मे गवत उरते, लेंड्याही बारीक झाल्या आहेत. कोथिंबीर मात्र तो अजून हातातून ओढून घेतो आणि नेमके तेथेच माझे मन अडते, कारण ससे वेदना लपवतात. दिवसा घरी कोणी नसते. ज्यांनी असा ससा सांभाळला आहे त्यांनी, खाणे पूर्ण थांबण्याआधी, कोणत्या लक्षणावरून शेवटच्या इंजेक्शनचा निर्णय घेतला?