उजनीत दुपारी डीओ ९! मग पाणी चांगलं म्हणायचं का?

भीमाकाठ
नदीचं पाणी कशाला वापरायचं, त्यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ‘ए’ ते ‘ई’ वर्ग केलेत. शुद्ध करून प्यायचं असेल तर ‘सी’: विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन, फार तर ३, एकूण कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलीला फार तर ५०००.
सोलापूरला पाणी पाजणाऱ्या उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीमार्गे येतं. शेवाळ माजतं. उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच खातं. २७ अंशाचं पाणी उजनीच्या उंचीवर साधारण साडेसात मिलिग्रॅमच धरतं. दुपारी ९ आला तर समजायचं, शेवाळ फार झालंय. वर्गांच्या तक्त्यात मात्र डीओला किमान आहे, कमाल नाही, आणि शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फरसला रकानाच नाही. मानकंच बदलायला हवीत.

काचेची_बाटली
डीओचं पटलं, पुढचं नाही. बीओडीची बाटली २७ अंशाला ३ दिवस अंधारात ठेवतात. अंधारात शेवाळही बाटलीतला ऑक्सिजन खातं, म्हणजे बीओडी वर जातो. तक्ता शेवाळाला पकडतो, साहेब.
गडबड होते ती काठावर, डीओचा नमुना भरताना. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला की डीओ फुकट वाढतो. ऑक्सिजन बांधून ठेवायला मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड तिथल्या तिथे घालायचं असतं. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. बाटली तशीच गाडीत टाकून नेली तर प्रयोगशाळेत येतो तो नदीचा आकडा नव्हेच.

भीमाकाठ
बरं, बाटली नीट भरली म्हणू. पण महिन्यातून एकदा? वारीसाठी उजनीतून पाणी सोडल्यावर पंढरपुरात नमुना घेतला तर चंद्रभागा सोवळीच दिसणार. आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म १०० मिलीला ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर चालत नाहीत. हे भर वारीत, गर्दीच्या घाटाखाली मोजा की.

कलम२१
दोघेही नदीच मोजताय. नदीचा वर्ग घसरला म्हणून कुणाला दंड होत नाही, तो निकष नियोजनापुरता आहे. कोर्टात टिकतो तो सांडपाण्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१: आधी नोटीस, मग मालकासमोर नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. महिन्याच्या देखरेखीच्या बाटलीला हे काहीच नसतं. मानकं दुप्पट कडक केलीत तरी नाल्याला काय फरक पडतो?

भीमाकाठ
पडतो ना. प्रदूषित पट्ट्यांचा अग्रक्रम याच नदीच्या आकड्यांवरून ठरतो: बीओडी ३० च्या वर गेला तर पहिला, ३ ते ६ असेल तर पाचवा. यात फॉस्फरसने कितीही नदी नासवली तरी क्रमांक हलत नाही. निदान एकाच दिवशी, एकाच जागी पहाटे पाचला आणि दुपारी दोनला डीओ घ्या. त्याला नवं राजपत्र लागत नाही.

काचेची_बाटली
हे मान्य. पण पाचला पेटी घेऊन धरणावर जाणार कोण? चोवीस तास मोजणारा प्रोब बसवा म्हणाल, तर उजनीच्या पाण्यात त्याच्यावरही शेवाळ चढतं आणि आकडा भरकटतो. तो पुसायला माणूस लागतोच.