मदत हवी आहे: डिप्रेशनची गोळी बंद केल्यापासून झोपेचं पार वाटोळं

चाकण_शिफ्ट (पहाटे ३:२२)

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. गोळी बंद केली आहे आणि झोप येत नाहीये. आली तरी अडीच-तीनला टक्क जाग. त्याआधी जी स्वप्नं पडतात ती इतकी खरी असतात की सकाळी बायकोला विचारतो, काल आपण भांडलो का? उशी घामाने ओली. आणि एक विचित्र प्रकार चालू झालाय. नजर डावीकडून उजवीकडे नेली की डोक्यात करंट बसतो, झर्रकन. बाईकचा आरसा बघताना तर हमखास.

हे किती दिवस चालतं? ज्यांनी स्वतः बंद केली आहे त्यांनीच सांगा. "डॉक्टरांना विचारा" हे मलाही कळतं, ते कृपया लिहू नका. फर्स्ट शिफ्ट आहे, सहाला गेटवर असावं लागतं.

गवतीचहा

कुठली गोळी? किती पॉवरची? कधी बंद केलीत? काहीच लिहिलं नाहीत हो.

तळकोकण_काकू

अरे बाळा, रात्री झोपताना कोमट दुधात चिमूटभर जायफळ उगाळून घे. आणि काशाच्या वाटीला साजूक तूप लावून तळपाय घासून घे, तूप काळं पडेपर्यंत. आमच्या ह्यांना बायपासनंतर झोप नव्हती, आठवड्यात घोरायला लागले. जायफळ चिमूटभरच हं, जास्त झालं तर डोकं जड होतं.

चाकण_शिफ्ट

डिप्रेशनचीच गोळी, एस्सिटॅलोप्रॅम. सगळ्यांना तीच देतात. काकू, आभारी आहे, पण दूध पचत नाही मला.

लीड्सचा_नाना

करंटवाल्या प्रकाराला इथे इंग्लंडात ब्रेन झॅप म्हणतात. डोळे बाजूला फिरवल्यावर येणं ही त्याची ठरलेली खूण. घाबरवणारं असतं, पण त्याने मेंदूला इजा झाल्याचं कुठे दिसलेलं नाही. स्वप्नांचंही कारण आहे. या गोळ्या आरईएम झोप, म्हणजे ज्या झोपेत बहुतेक स्वप्नं पडतात ती, दाबून ठेवतात. गोळी काढली की दाबलेली झोप उसळी मारून वर येते आणि मग रात्रभर सिनेमा.

मी स्वतः व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळीवर होतो. तिचं अर्धं प्रमाण पाचेक तासांत रक्तातून उतरतं. सकाळची गोळी विसरली तर संध्याकाळी ट्राममध्ये... चुकलो, लीड्सला ट्राम नाहीच, बसमध्ये गरगरायचं. तुमच्या एस्सिटॅलोप्रॅमला साधारण ३० तास लागतात. फ्लुओक्सेटीन तर दिवसच्या दिवस मुक्काम ठोकते, म्हणून ती सोडताना बहुतेकांना कमी त्रास होतो.

आता तुम्ही सांगा: किती मिलिग्रॅम, किती वर्षं, आणि कशी बंद केली? एकदम की हळूहळू?

रोखठोक

भावा, हे गुगल करकरून आलेलं टेन्शन आहे. मी दोन वर्षं घेतली, एका दिवसात फेकून दिली. काही झालं नाही. रोज पाच किमी पळ, रात्री बाद होशील. गोळ्यांवाल्यांना गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून "विथड्रॉवल"चा, म्हणजे गोळी सोडल्याच्या त्रासाचा, बागुलबुवा.

लीड्सचा_नाना

@रोखठोक, तुम्हाला झालं नाही हे मान्यच. बहुतेकांना फारसं होत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून आकडे आले: गोळी सोडलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास, आणि ज्यांची औषध नसलेली नुसती खोटी गोळी बंद केली त्यांच्यातही १७ टक्क्यांना. फरक धरला तर सहा-सातांत एक. गंभीर त्रास तीनेक टक्क्यांना. म्हणजे "सगळ्यांना होतं" हेही खोटं आणि "बागुलबुवा" हेही.

आणि गिऱ्हाईकाचं म्हणाल तर उलट आहे. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्सने, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने, २०१९ पर्यंत याला किरकोळच मानलं होतं. रुग्णांनी लावून धरल्यावर भूमिका बदलली.

रोखठोक

लंडनचं लंडनला. इथे माणसाला ईएमआय आहे, झोप आपोआप उडते.

चाकण_शिफ्ट

भांडू नका राव. १० ची होती. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर चालू केली, वडील गेले तेव्हा. नवरात्रात पाकीट संपलं, नवीन आणलं नाही. बरा होतो, मग कशाला घ्यायची? कशी बंद केली म्हणजे काय, बंद म्हणजे बंद.

गवतीचहा

म्हणजे एकदम. तिथेच गोची आहे. माझ्या मेव्हण्याने दिवसाआड घेऊन सोडली, मग तीन दिवसांनी एक, मग बंद. तुम्हीही परत चालू करून तसं करा.

धम्मपथिक

इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. फी नाही, दान ऐच्छिक. श्वासावर लक्ष दिलं की झोपेचा प्रश्नच राहत नाही. मी गोळ्या न घेता बरा झालो.

पेठेतला_फार्मासिस्ट

दुकान बंद करून लिहितोय, थोडक्यात सांगतो.

@गवतीचहा, दिवसाआड नको. ३० तासांत अर्धी उतरणारी गोळी ४८ तासांनी घेतली की रक्तातलं प्रमाण खाली-वर खाली-वर होत राहतं. रोजची मात्रा कमी करत नेतात, दिवस गाळत नाहीत.

@धम्मपथिक, शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतात. ते उगाच नाही. झोप उडालेल्या माणसाला दहा दिवस मौनात बसवायची ही वेळ नव्हे.

@चाकण_शिफ्ट, मला एकच गोष्ट हवी आहे. जुनं रिकामं पाकीट असेल तर बघा, नावापुढे प्लस, फोर्ट असं काही आहे का? आणि खाली बारीक अक्षरात एकच औषध लिहिलंय की दोन?

सोनचाफा

अवांतराबद्दल क्षमस्व. मानसोपचाराचा खर्च मेडिक्लेममध्ये धरतात का? आमचा एजंट नाही म्हणतो.

लीड्सचा_नाना

दरम्यान, मात्रा कमी करण्याबद्दल एक गोष्ट, कारण "१० ची ५ केली, झालं अर्धं काम" असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. एस्सिटॅलोप्रॅमची बहीण सिटॅलोप्रॅम घ्या. २० मिलिग्रॅमला मेंदूतली सेरोटोनिन हे रसायन उचलणारी साधारण ८० टक्के दारं बंद असतात, गोळीचं काम तेच. मात्रा पाव केली, ५ च्या आसपास आणली, तरी ६० टक्क्यांच्या जवळपास बंदच. म्हणजे वरची कपात सोपी जाते आणि शेवटच्या दोन-चार मिलिग्रॅमला माणूस आपटतो. म्हणून शेवटी पायऱ्या बारीक कराव्या लागतात. इथे त्यासाठी थेंबांचं औषध मिळतं, मी मात्र गोळी तोडतच उतरलो.

चाकण_शिफ्ट

@फार्मासिस्ट, प्लस लिहिलंय. खाली एस्सिटॅलोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५. आमचे डॉक्टर दवाखाना हलवून गेले, त्यानंतर मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत होता. त्याने काय फरक पडतो?

पेठेतला_फार्मासिस्ट

बराच पडतो. तुम्ही एक नाही, दोन औषधं एकदम सोडलीत.

क्लोनाझेपाम हे झोपेचं-चिंतेचं औषध आहे, डिप्रेशनचं नव्हे. सुरुवातीचे काही आठवडे आधार म्हणून देतात आणि मग काढायचं असतं. पण एकाच गोळीत बांधलेलं असलं की ते काढायचं राहून जातं आणि माणूस वर्षानुवर्षं "डिप्रेशनची गोळी" म्हणून घेत राहतो. माझ्या काउंटरवर असं गिऱ्हाईक नेहमीचं आहे. इतकी वर्षं रोज रात्री घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम थांबवलं तर झोप उडणं, घाम, धडधड, थरथर, आवाज सहन न होणं हे होऊ शकतं, आणि काहींना फिट येते. करंट आणि स्वप्नं बहुधा एस्सिटॅलोप्रॅमची, बाकीच्यात याचा वाटा मोठा असू शकतो. वरवर बघून वेगळं करता येत नाही.

गोळी अर्धी तोडून उपयोग नाही, दोन्ही अर्धी होतात. आधी दोन्ही वेगळ्या करून लिहून घ्याव्या लागतात आणि एकेक उतरवावी लागते. ते चिठ्ठीशिवाय होत नाही.

दोन प्रश्न, खरं उत्तर द्या. हात थरथरतात का? आणि झोपेसाठी दारू घेताय का? पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. तोवर बाईक बंद.

चाकण_शिफ्ट

थरथर आहे. चहा बशीत सांडतो, कॅन्टीनमध्ये पोरं हसतात. फिट कधी नाही. दारू पूर्वी शनिवारी, आता झोपेसाठी रोज थोडी. त्याशिवाय डोळाच लागत नाही.

गवतीचहा

अहो हे आधी लिहायचं ना.

पेठेतला_फार्मासिस्ट

तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो: उद्या नाही, आज डॉक्टर. दारूने आधी डोळा लागतो आणि मध्यरात्री उतरली की झोप मोडते, तुमची अडीचची जाग त्यातही असेल. पण तीही आता स्वतःच्या मनाने झटक्यात तोडू नका, किती घेता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जुने डॉक्टर नसतील तर सरकारी रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी गाठा, पाकीट सोबत न्या. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. फिट आली, भास व्हायला लागले, किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी. वहिनींना हे वाचून दाखवा.

रोखठोक

फिटचं मला माहीत नव्हतं. माझी साधी गोळी होती, प्लस नव्हती. भावा, आज जाऊन ये. पळण्याचा मुद्दा मात्र कायम.

तळकोकण_काकू

दूध पचत नसेल तर नुसतं तूप लाव पायाला. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर लाव.

लीड्सचा_नाना

डॉक्टर "आजार परत आलाय" म्हणाले तर त्यांना तारखा सांगा. सोडल्यावर चार-आठ दिवसांत सुरू झालेला त्रास, त्यात करंट आणि गरगर, तर बहुधा विथड्रॉवल. आजार उलटतो तो सहसा हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी. अर्थात उलटतोही. २०२१ मध्ये छापून आलेल्या ब्रिटिश चाचणीत बरं वाटणाऱ्या, वर्षानुवर्षं गोळी घेतलेल्या लोकांपैकी ज्यांनी ती सोडली त्यातल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात आजाराने पुन्हा गाठलं, चालू ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांना. त्यामुळे "सोडायचीच" हेही डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

गवतीचहा

@सोनचाफा, एजंटला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दाखवा. शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यावा लागतो. ओपीडीचा खर्च पॉलिसीत असेल तरच, ते बारीक वाचा.

चाकण_शिफ्ट

अपडेट. सरकारी ओपीडीत गेलो, बायको सोबत. अर्धा दिवस रांगेत गेला, पण बाईंनी नीट ऐकून घेतलं. दोन्ही गोळ्या वेगळ्या करून दिल्या आहेत. एस्सिटॅलोप्रॅम परत चालू, ती सध्या हलवायची नाही. क्लोनाझेपाम आधी उतरवायची, सावकाश, काही महिने लागतील म्हणाल्या. दारूचं वेगळं औषध आणि तपासण्या. कंपनीत रात्रपाळी न देण्याची चिठ्ठी मिळाली. करंट कमी झालाय, स्वप्नं चालूच आहेत. बाईकची चावी बायकोकडे.

नवीन_सदस्य_विदर्भ

मी पण सर्ट्रालीन घेतो, वजन वाढलंय. बंद करू का? लवकर सांगा.

पेठेतला_फार्मासिस्ट

नाही. वेगळा धागा काढा, आणि त्यात मात्रा, किती वर्षं घेताय, रात्री आणखी काय घेता आणि पाकिटावरचं पूर्ण नाव लिहा.