गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलीला शिबिराला पाठवू का? शुक्रवारच्या आत सांगा

मांजलपूरची_आई:
नमस्कार मंडळी. मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता छान आहे. पुढच्या महिन्यात राज्य संघाचं फुटबॉल शिबिर आहे. डॉक्टर थांबा म्हणतात, कोच म्हणतात हरकत नाही. नाव शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आम्ही बडोद्यात असतो. पाठवू की नको, एवढंच सांगा.

जुना_लेफ्टबॅक:
ताई, ऑपरेशन कसलं? एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, की मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी? किती महिने झाले? वय? कुठल्या जागी खेळते? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार काय?

रावपुऱ्याचे_काका:
पाठवा. घरी बसवलेला खेळाडू मनानं खचतो. माझा गुडघा ८७ साली गेला होता. जुम्मादादा व्यायाम मंदिरात मालिश आणि पट्टी केली, दीड महिन्यात कबड्डी खेळत होतो. हे सहा-सहा महिन्यांचं नवीनच निघालंय.

फिजिओ_कारेलीबाग:
काका, तुमचा गुडघा मुरगळला असेल, लिगामेंट तुटलं नसेल. पूर्ण तुटलेलं एसीएल मालिशनं जुळत नाही. कृपया या मुलीच्या धाग्यावर तो सल्ला नको.

मांजलपूरची_आई:
एसीएलच, डावा पाय. मांडीच्या मागची शीर काढून बसवलीय. बारा तारखेला सहा महिने होतील. १७ पूर्ण, विंगर आहे, मैदानाच्या कडेनं खेळते. दुखत अजिबात नाही, जिने चढते, पळते. नवरात्रात दोन फेऱ्या गरबापण केला. आता सांगा.

फिजिओ_कारेलीबाग:
गरबा वाचून काळजात धस्स झालं. टाच रोवून गिरकी घ्यायची, एसीएल नेमकं तसंच तुटतं. विंगर दर मिनिटाला तेच करते.

दुखत नाही म्हणजे पाय तयार झाला असं नसतं. बसवलेली शीर, म्हणजे स्नायूचा दोर, आत हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते, सहा महिन्यांत ते काम अर्धवटच असतं. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत जितकं थांबाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ निम्मा होतो. शिवाय मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या, दोन्हीत डावा पाय उजव्याच्या निदान ९० टक्के हवा. ही चाचणी झालीय का?

मांजलपूरची_आई:
नाही, कुणी सांगितलंच नाही. कोचनी पळवून बघितलं.

अकोटा_११:
सरळ रेषेत पळवून काय कळणार? स्पेनची ॲलेक्सिया पुतेयास जुलै २०२२ मध्ये महिलांच्या युरो स्पर्धेच्या तोंडावर एसीएल तुटून जखमी झाली, ती एप्रिल २०२३ मध्ये परतली. इंग्लंडची बेथ मीड नोव्हेंबर २०२२ ची, थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यांच्याकडे रोज फिजिओ, जिम, सगळं असतं, तरी एवढे महिने. आपल्या पोरींना सहाव्या महिन्यात कसं सोडायचं?

रावपुऱ्याचे_काका:
मग मुळात मुलींचे गुडघेच नाजूक, असंच म्हणा ना.

अकोटा_११:
नाही म्हणणार. मुलींमध्ये एसीएल दुपटीहून जास्त तुटतं हे खरं. पण मुलांना पंधराव्या वर्षी जिममध्ये पाठवतात आणि आम्हाला 'मांड्या जाड होतील' म्हणून अडवतात, त्याचं काय? फिफा ११+ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, त्याला फारसं सामानही लागत नाही. आमच्या संघात कुणी तो कधी करून घेतला नाही. मी माझ्या एसीएलनंतर सातव्या महिन्यात उतरले आणि अकराव्या मिनिटाला दुसरा गुडघा गेला. तिला पाठवू नका, काकू.

क्लास_वाले_सर:
१७ पूर्ण म्हणजे बारावी असेल. स्पोर्ट्स कोट्यासाठी प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती आत्ताच काढून ठेवा, नंतर धावपळ होते.

जुना_लेफ्टबॅक:
सर, ते कुणी विचारलंय? ताई, बूट कुठले घालते? कडक मैदानावर लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट नकोत, पाय अडकतो.

अकोटा_११:
काकू, एक विचारू? रागावू नका. तिची पाळी नियमित येते का? जेवते नीट?

मांजलपूरची_आई:
हे इथे कशाला?

फिजिओ_कारेलीबाग:
इथेच हवं. सराव भरपूर आणि खाणं कमी पडलं की आधी पाळी थांबते, मग हाडं कमजोर होतात, दुखापत भरायला वेळ लागतो. ऑपरेशननंतर वजन वाढेल म्हणून मुली खाणं तोडतात, मी कितीतरी पाहिल्यात. तिला एकटीला बसवून विचारा.

मांजलपूरची_आई:
विचारलं. चार महिने आली नाहीये. मला बोलली नव्हती. रात्रीची भाकरी ताटाखाली झाकून ठेवायची, तेही आज कळलं. शिबिरात जाड दिसले तर काढतील असं तिला वाटत होतं.

अकोटा_११:
काकू, तिला ओरडू नका. प्लीज.

फिजिओ_कारेलीबाग:
आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. आहारतज्ज्ञ खेळाडूंचं काम करणारी बघा. मांडीची ताकद मोजणारं केंद्र मी तुम्हाला निरोपात कळवतो. यंदाचं शिबिर राहू द्या.

रावपुऱ्याचे_काका:
ताई, माझं मागे घेतो. पोरीला गुळ-शेंगदाण्याचे लाडू करून द्या. पोटभर.

मांजलपूरची_आई:
उद्या सकाळची वेळ मिळालीय. ती शेजारीच बसून हे सगळं वाचतेय. कोचना काय कळवू तेवढं कुणी लिहून द्या, पाळीचं त्यांना सांगायचं नाही म्हणते.

फिजिओ_कारेलीबाग:
एवढंच लिहा: 'सर्जनच्या सल्ल्याप्रमाणे नऊ महिने पूर्ण आणि ताकदीची चाचणी पास झाल्याशिवाय खेळणार नाही.' बाकी काही सांगायची गरज नाही.