वादक गेला की त्याची रेकॉर्ड लावायची की त्याची साथ?

रिमशॉट

जॅझमधलं कोणी गेल्याची बातमी आली की त्याच्या नावावरची सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड काढायची, एकदा ऐकायची, हळहळायचं आणि विषय संपला. आपण बहुतेक जण हेच करतो. माझं म्हणणं असं की त्या दिवशी त्याच्या नावाची रेकॉर्ड लावूच नये. दुसऱ्याच्या रेकॉर्डवर त्याने जी साथ केली आहे ती लावावी.

स्वतःच्या नावावर वाजवताना माणूस स्वतःला मांडत असतो. साथीला बसला की तो ऐकतो कसा ते कळतं. आणि जॅझवाल्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्याचं ऐकण्यातच जातं.

रॉय हेन्सचंच घ्या. १२ नोव्हेंबर २०२४ला गेला, ९९ वर्षांचा होऊन. लेस्टर यंग, चार्ली पार्कर, मंक, कोल्ट्रेन, चिक कोरिया या सगळ्यांच्या मागे ड्रम्सवर हा बसलेला. ही यादी म्हणजेच जॅझचा अर्धा इतिहास झाला. त्या रात्री मी लावलं ते सारा व्हॉनचं 'शूली अ बॉप', १९५४ सालचं. गाण्याला शब्द असे नाहीतच. अधेमधे ती गाता गाताच आपल्या तिन्ही साथीदारांची ओळख करून देते. हेन्सची पाळी आली की ती "रॉय" म्हणते आणि थांबते. त्या फटीत हेन्स ड्रम्सवर उत्तर देऊन मोकळा होतो, मग ती "हेन्स" म्हणते. मामला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा, पण ती जागा त्याने किती नेमकी घेतली आहे ते ऐकाच. श्रद्धांजली म्हणून याहून जास्त काय हवं?

उलटी_बाजू

साफ असहमत.

हे ऐकायला छान वाटतं, पण यात एक जुना अन्याय आपण नव्याने करतो आहोत. साथीदाराला ध्वनिमुद्रणाच्या सत्राचे ठरलेले पैसे मिळायचे, आणि मग रेकॉर्ड कितीही खपली तरी त्याचा त्या पैशाशी संबंध संपलेला असायचा. मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं. स्वतःच्या नावाची रेकॉर्ड मिळणं ही त्या लोकांनी झगडून कमावलेली गोष्ट होती. कित्येकांना ती मिळाली नाही, मिळाली तर उशिरा मिळाली. आणि आता तो गेल्यावर आपण म्हणायचं की तुझी रेकॉर्ड राहू दे, आम्ही तुला दुसऱ्याच्या मागे बसलेलाच ऐकतो?

हेन्सची 'आउट ऑफ द आफ्टरनून' आहे की, १९६२ची. रोलंड कर्क, टॉमी फ्लॅनगन, हेन्री ग्राइम्स आणि हा. पहिलंच 'मून रे' लावा. कर्कसारखा, एका वेळी दोन-तीन वाद्यं तोंडात धरणारा माणूस समोर असताना गाडी कोण हाकतंय याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. हा हेन्स व्हॉनच्या मागे ऐकू येणार नाही, कारण तिथे त्याला तेवढी मोकळीकच नव्हती.

वॉकिंगबेस

दोघांनाही एक प्रश्न. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं काय करायचं?

त्या रेकॉर्डवर सात जण आहेत. कोल्ट्रेन १९६७ला गेला, पॉल चेंबर्स १९६९ला, विंटन केली १९७१ला, कॅननबॉल १९७५ला, बिल एव्हान्स १९८०ला, माइल्स १९९१ला. शेवटचा जिमी कॉब, ड्रम्सवरचा, २४ मे २०२०. कॉब गेला तेव्हा ज्याने त्याने हीच रेकॉर्ड लावली. रिमशॉट यांच्या नियमाने बरोबरच झालं म्हणायचं, कारण ती साथच होती. पण त्या दिवशी कॉबला किती जणांनी ऐकलं? ऐकलं ते माइल्सलाच.

ज्यांना कॉब ऐकायचा आहे त्यांनी 'सो व्हॉट'मधली एकच जागा धरावी. बेसवरची धून संपते, माइल्सचा सोलो सुरू होतो, आणि नेमक्या त्या ठोक्याला कॉबची सिंबल कडाडते. सुरुवातीपासून सगळं दबक्या आवाजात चाललेलं असताना ती जरा जास्तच मोठी वाटते. पण तिचा नाद विरत असतानाच तो राइड सिंबलवर ठेका धरतो आणि पुढचा अख्खा सोलो त्याच्यावर तरंगतो. एकदा तिथे कान गेला की ती रेकॉर्ड पुन्हा फक्त माइल्सची राहत नाही.

नवश्रोता

मी या संगीतात नवा आहे, म्हणून अडचण सांगतो. ॲपवर जिमी कॉब हे नाव टाकलं की त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डी समोर येतात, 'काइंड ऑफ ब्लू' येतेच असं नाही. तिथे नाव माइल्सचं. मग नवख्याने कोणाची साथ कुठे आहे ते शोधायचं कसं? उलटी_बाजू म्हणतात ते मला सोपं पडतं. माणूस गेला, नाव टाकलं, ऐकलं.

वॉकिंगबेस

जुन्या रेकॉर्डच्या पाठीमागचा मजकूर वाचायची सवय लावा. त्याचे फोटो सहज सापडतात. एका नावावरून दुसऱ्या नावावर उड्या मारत गेलात की आठवडाभराची सोय होते.

तिसरा_कोरस

रिमशॉट, तुमचा नियम पियानोवादक अहमद जमालपाशी कोसळतो. १६ एप्रिल २०२३ला तो गेला, ९२ वर्षांचा होता. या माणसाने जन्मभर स्वतःचाच बँड चालवला. दुसऱ्याच्या रेकॉर्डवर त्याची साथ शोधायला निघालात तर हाती फारसं काही लागणार नाही. आणि माइल्स त्याच्यावर फिदा होता तो कशामुळे? जमाल जे वाजवत नाही त्यामुळे. रिकामी जागा सोडायची तर ती नेत्यानेच सोडावी लागते. साथीदाराने सोडली की लोक म्हणतात, याला झोप लागली.

रिमशॉट

जमालचा मुद्दा मला अपेक्षित होता. पण 'ॲट द पर्शिंग' लावलीत ना? शिकागोच्या पर्शिंग हॉटेलातली, जानेवारी १९५८ची? त्यावरचं 'पॉइन्सियाना' लोक आठ मिनिटं कशासाठी ऐकतात? व्हर्नेल फूर्निएच्या ठेक्यासाठी. एका हातात मॅलेट म्हणजे मऊ गोळ्याची काठी, ती टॉम या ड्रमवर. दुसरा हात सिंबलच्या घुमटावर. डोळे मिटले तर दोन ड्रमर बसलेत असं वाटतं. माणूस न्यू ऑर्लिन्सचा, तिथल्या मिरवणुकीतला ताल त्याच्या अंगात भिनलेला. इझ्राएल क्रॉस्बीचा बेस खालून ज्या शांतपणे फिरतो त्याला तर तोड नाही. क्रॉस्बी १९६२ला गेला, फूर्निए २०००ला. जमालच्या मोकळ्या जागा सुंदर दिसतात कारण त्यांच्या कडा या दोघांनी धरून ठेवल्या आहेत.

उलटी_बाजू

म्हणजे जमाल गेला तर फूर्निएची आठवण काढायची. मग जमालची कधी काढायची, फूर्निएच्या पुण्यतिथीला?

घोगरा_सॅक्स

:) हे आवडलं.

मी मात्र रिमशॉटच्या बाजूने, आणि माझं कारण बेसवादक स्कॉट लाफारो. त्याच्या हयातीत त्याच्या नावाची रेकॉर्ड निघालीच नाही. जे आहे ते साथीतलं. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड, बिल एव्हान्स पियानोवर आणि पॉल मोशन ड्रम्सवर. दुपारपासून रात्रीपर्यंतच्या बैठका टेपवर आल्या. ग्लासांचा किणकिणाट, लोकांच्या गप्पा, सगळं तसंच आहे. ६ जुलैला मोटार अपघातात लाफारो गेला. वय २५.

एव्हान्सने मग त्या टेपमधून निघालेल्या पहिल्या रेकॉर्डसाठी ज्यात लाफारो उठून दिसतो अशी वादनं निवडली. सुरुवातीला 'ग्लोरियाज स्टेप', शेवटी 'जेड व्हिजन्स', दोन्ही लाफारोच्याच रचना. मुखपृष्ठावर त्याचं नावही घातलं. 'ग्लोरियाज स्टेप'मध्ये लाफारो पियानोच्या खाली राहतच नाही. वर येतो, एव्हान्सचं वाक्य अर्ध्यावर धरतो, आपलं जोडतो, पुन्हा खाली जातो. याला साथ म्हणायचं की आणखी काही, मला माहीत नाही. पण हे त्याला स्वतःच्या नावाखाली जमलं असतं असं वाटत नाही. बोलायला समोर कोणी तरी लागतंच.

उलटी_बाजू

उदाहरण सुरेख, निष्कर्ष उलटा. पहिला-शेवटचा मान लाफारोच्या रचनांना देऊन एव्हान्सने त्याला त्या रेकॉर्डचा जवळपास मालक केलं. साथीत झाकलेला माणूस पुढे आणायचा, हीच खरी आठवण, असं एव्हान्सलाही वाटलं असणार.

पायपेटी

तुम्ही सगळे वाजवणाऱ्यांवरच भांडताय. बिली स्ट्रेहॉर्नचं काय? बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनसाठी त्याने जवळजवळ तीस वर्षं लिहिलं, 'टेक द ए ट्रेन' त्याचं, आणि ओळख मात्र बँडच्या सावलीत राहिली. ३१ मे १९६७ला तो कर्करोगाने गेला. काही महिन्यांत एलिंग्टनने त्याच्याच रचनांची अख्खी रेकॉर्ड केली. त्यात 'ब्लड काउंट' आहे, रुग्णालयात असताना पुरी केलेली. जॉनी हॉजेस ती सॅक्सवर अशी वाजवतो की एरवी त्याच्या सुरात असणारा लाडिकपणा कुठल्या कुठे गेलेला असतो. राग आहे त्यात चक्क.

आणि 'लोटस ब्लॉसम'. ध्वनिमुद्रण आटोपलंय, वादक आवराआवर करतायत, बोलतायत, आणि एलिंग्टन एकटाच पियानोवर बसून ती धून वाजवतोय. ते बोलणं मागे स्पष्ट ऐकू येतं. हळूहळू ते थांबतं.

स्ट्रेहॉर्न इथे ना नेता, ना साथीदार. तो खोलीतच नाही. पण मला तो सगळ्यात जास्त इथेच सापडतो. त्यामुळे तुमचा वाद मला थोडा बिनबुडाचा वाटतो, राग मानू नका.

तिसरा_कोरस

पायपेटी यांना +१. त्याच न्यायाने लेस्टर यंगसाठी मिंगसने केलेलं 'गुडबाय पोर्क पाय हॅट'. लेस्टर मार्च १९५९मध्ये गेला आणि मे महिन्यात हे टेपवर होतं. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनसाठी बेनी गोल्सनचं 'आय रिमेंबर क्लिफर्ड' आहेच.

रिमशॉट

एलिंग्टनचा भाग मान्य, पण तो अपवाद आहे. प्रत्येकाला मागे एलिंग्टन मिळत नाही. मूळ वादावर येतो आणि एकच पुरावा मांडतो. सॅक्सवादक वेन शॉर्टर, २ मार्च २०२३ला गेला. त्याची 'फूटप्रिंट्स' ही रचना १९६६ सालातच दोनदा रेकॉर्ड झाली. फेब्रुवारीत त्याच्या स्वतःच्या नावावर, 'ॲडम्स ॲपल'वर. ऑक्टोबरमध्ये माइल्सच्या बँडमध्ये, 'माइल्स स्माइल्स'वर. दोन्हीकडे पियानोवर हर्बी हॅन्कॉक. आता एकामागोमाग एक लावा. त्याची स्वतःची नीटनेटकी आहे, सहाच्या तालात झुलते, जो चेंबर्स ड्रम्सवर अदबीने वागतो. माइल्सकडे ड्रम्सवर टोनी विल्यम्स आणि बेसवर रॉन कार्टर तोच ताल मधेच चारात फोडतात, पायाखालची जमीन हलते, आणि त्यावर शॉर्टर जो वाजवतो तो शॉर्टर 'ॲडम्स ॲपल'वर नाही. रचना त्याचीच, सॅक्स त्याचाच, फक्त मालकी दुसऱ्याची.

उलटी_बाजू

मी दोन्ही पुन्हा ऐकल्या आणि मला 'ॲडम्स ॲपल'ची जास्त आवडते. माइल्सकडे खळबळ आहे, कबूल, पण ती टोनीची. तिथे शॉर्टर त्या गोंधळात टिकून कसा राहतो ते ऐकू येतं. स्वतःच्या रेकॉर्डवर त्याला त्या धुनेतून काय हवं होतं ते ऐकू येतं: ती संथ, किंचित सावध चाल, आणि सोलोत दोन वाक्यांमध्ये सोडलेलं अंतर. रचनाकार गेल्यावर मला हे ऐकायचं असतं.

बरं, 'नेफर्टिटी'चं काय कराल? धून शॉर्टरची, रेकॉर्ड माइल्सची. ट्रम्पेट आणि सॅक्स सोलो घेतच नाहीत, तीच धून परत परत वाजवत राहतात, आणि खाली टोनी विल्यम्स सुटलेला. तिथे साथ कोण कोणाला करतंय? टोनी फेब्रुवारी १९९७मध्ये गेला, वय अवघं ५१. त्याच्यासाठी ही लावावी की शॉर्टरसाठी?

रिमशॉट

टोनीसाठी. शॉर्टर तिथे ड्रमरला साथ करतोय.

उलटी_बाजू

मग शॉर्टर गेला तेव्हा तुमच्या नियमाप्रमाणे हीच लावायला हवी होती.

रिमशॉट

हीच लावली होती.

घोगरा_सॅक्स

तुमचं दोघांचं चालू द्या. मी 'ॲडम्स ॲपल' आजवर ऐकलीच नव्हती, ती ऐकतो.